नवव्या गुणावरचा सौदा : ठाण्यातल्या एका साप्ताहिक कॅटन लीगचं प्रकरण

हे प्रकरण ठाण्यातल्या एका बोर्डगेमच्या दुकानातलं आहे. दुकानाचं आणि माणसांची नावं दिलेली नाहीत, ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. लीगचा गुणतक्ता माझ्याकडे असल्यामुळे कुठल्या टेबलावर काय झालं आणि त्याचे गुण कसे लागले, हे मला जवळून पाहायला मिळालं. दर आठवड्याला खेळणारी मंडळी जमवणाऱ्या कुणालाही, मित्र मित्राला जिंकवतो तेव्हा काय करायचं, हा पेच कधी ना कधी येतो, म्हणून तो सविस्तर मांडतो आहे.

पार्श्वभूमी

नौपाड्यातल्या एका जुन्या इमारतीच्या तळमजल्यावरचा गाळा. पुढे खोक्यांची कपाटं, मागे टेबलं. मालकाला सगळे दादा म्हणतात, त्याच्याहून वयाने मोठी माणसंसुद्धा. शुक्रवारी संध्याकाळी साडेसातला टेबलं लागतात आणि पावणेदहाला आवरायला घेतात. ही वेळ ठरली ती येणाऱ्यांच्या परतीच्या वाटेवरून. कळवा-डोंबिवलीचे लोक लोकलने जातात, ऐरोली-घणसोलीचे ट्रान्स-हार्बरने, आणि घोडबंदर रोडवरच्यांना रात्रीच्या वाहतुकीचा अंदाज घेऊनच निघावं लागतं. बसायचं शुल्क दोनशे रुपये. त्या दिवशी काही विकत घेतलं तर ते बिलातून वजा होतं.

सुरुवातीला शुक्रवार मोकळाच असायचा. कुणी अझुल मांडायचं, कुणी स्प्लेंडर, कुणी टिकेट टू राइड. पँडेमिकचं टेबल तर बघ्यांनीच भरलेलं असायचं, कारण त्यात सगळे मिळून खेळाशी लढतात आणि मागे उभं राहणाऱ्यालाही सल्ला देता येतो. अडचण एवढीच होती की लोक नेमाने येत नसत. एक शुक्रवार गजबजलेला, दुसरा ओसाड. पावसाळ्यात तर दुकान उघडं ठेवणंही दादाच्या अंगावर यायचं. म्हणून त्याने लीग सुरू केली आणि त्यासाठी कॅटन निवडला.

निवड चांगली होती. क्लाउस टॉयबर या जर्मन माणसाने केलेला हा खेळ १९९५ साली आला आणि त्याच वर्षी त्याला जर्मनीचा ‘श्पील डेस यारेस’ हा वर्षातल्या उत्तम खेळाचा पुरस्कार मिळाला. तीन किंवा चार जण खेळतात, नवख्याला वीस मिनिटांत समजावता येतो आणि चौघांचा डाव साधारण तासा-दीड तासात संपतो. ज्यांनी खेळला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. पटावर १९ षटकोनी तुकडे असतात. फासे पडतात तसं लाकूड, वीट, मेंढी, गहू आणि खनिज पत्त्यांच्या रूपात हाती येतं. खनिजाला टेबलावर सगळे ‘ओर’च म्हणतात. त्यातून रस्ते, वस्त्या आणि शहरं उभारायची. आपल्या पाळीत १० गुण पूर्ण करणारा जिंकतो. आपल्याकडे नसलेला माल दुसऱ्याकडून बदलून घेता येतो, मात्र सौदा ज्याची पाळी चालू आहे त्याच्याशीच होतो. या सौद्यांमुळेच हा खेळ गप्पांचा होतो. अनोळखी चार माणसं अर्ध्या तासात एकमेकांशी मोकळेपणाने भांडायला लागतात.

लीगची रचना अशी होती : आठ शुक्रवार, डाव जिंकणाऱ्याला लीगचे ५ गुण, बाकी तिघांना शून्य. हंगामाअखेर पहिला येणाऱ्याला दुकानातला आवडेल तो खेळ बक्षीस. कोण कुठे बसणार हे ठरलेलं नव्हतं, जो ज्याच्याबरोबर आला तो त्याच्याबरोबर बसायचा. पहिले चार आठवडे टेबलं भरत गेली, आणि दादाने आणखी दोन संच मागवले.

अडचण

पाचव्या शुक्रवारी जे झालं ते नीट सांगतो, कारण पुढचा सगळा वाद त्या दहा मिनिटांभोवती फिरतो.

टेबलावर चौघं होते. क आणि ख हे डोंबिवलीहून एकत्र येणारे मित्र, एकाच हॉस्टेलमध्ये राहिलेले. तिसरी आर्किटेक्चरची एक विद्यार्थिनी, खेळाची पक्की जाणकार. चौथे काका, बँकेतून निवृत्त झालेले, कॅटन नुकताच शिकलेले. पाळीचा क्रम ख, काका, विद्यार्थिनी, क.

क ९ गुणांवर होता. दोन शहरांचे ४, तीन वस्त्यांचे ३, आणि सहा तुकड्यांच्या रस्त्यामुळे सर्वांत लांब रस्त्याचे २ गुण. हातात दोन गहू होते, पण ओर एकही नव्हता. वस्तीचं शहर करायला तीन ओर आणि दोन गहू लागतात, म्हणजे तीन ओर मिळाले की त्याचं काम फत्ते. विद्यार्थिनी ८ वर होती. तिचा रस्ता पाच तुकड्यांचा. आणखी दोन तुकडे टाकले असते तर तिचा रस्ता सात झाला असता, लांब रस्त्याचे २ गुण क कडून तिच्याकडे गेले असते आणि ती जिंकली असती. प्रत्येक तुकड्याला एक लाकूड आणि एक वीट लागते. तिच्याकडे दोन लाकडं होती, वीट एकच. अडलं होतं एका विटेवर. काकांकडे विटांची टेकडी, म्हणजे विटा देणारा षटकोन होता, पण तिच्यावर रॉबर (त्या षटकोनाचा माल अडवणारी सोंगटी) बसलेला होता, त्यामुळे त्यांच्या हाती वीट नव्हती. ख फक्त ४ गुणांवर होता, तो जिंकण्याची काहीही शक्यता उरली नव्हती. पण हातात नऊ पत्ते होते, आणि त्यांत तीन ओर आणि एक वीट.

ख ची पाळी आली. विद्यार्थिनीने लगेच विचारलं, “वीट देतोस? दोन गहू देते.” ख ने मान हलवली आणि क कडे वळून म्हणाला, “तीन ओर घे, एक मेंढी दे.” सौदा झाला. काकांनी फासे टाकले, काही बांधलं नाही. विद्यार्थिनीच्या फाशांवर वीट आली नाही, तिने एक रस्ता टाकला आणि सहावर थांबली. बरोबरीत मान आधीच्याच माणसाकडे राहतो. क ने आपल्या पाळीत शहर उभारलं आणि डाव संपला.

तिने दादाला बोलावलं. “दादा, तीनाला एक हा काय सौदा झाला?” दादाने नियम पाहिले. कॅटनमध्ये पत्ते फुकट देता येत नाहीत आणि एकाच जातीचा माल कमीजास्त करून बदलता येत नाही. दोन मेंढ्यांना एक मेंढी चालत नाही. पण तीन ओरला एक मेंढी हा सौदा नियमात बसतो. निकाल कायम राहिला.

काका त्या वेळी काहीच बोलले नाहीत. पिशवी उचलताना मला एवढंच म्हणाले, “या खेळात भिडू असतात हे मला कुणी सांगितलं नव्हतं.” मेंढीकोटात समोरचा भिडू असतो, हे चौघांनाही ठाऊक असतं आणि म्हणूनच त्यात कुणाची तक्रार नसते. इथे दोघांनी एकमेकांना भिडू धरलं होतं आणि उरलेल्या दोघांना ते डाव संपताना कळलं. पुढच्या शुक्रवारी काका आले नाहीत.

रात्री लोकलमधूनच व्हॉट्सअ‍ॅप गटावर वाद पेटला. तेव्हा बाकीच्या टेबलांवरच्याही गोष्टी बाहेर आल्या. नवरा-बायको एकमेकांवर रॉबर ठेवत नाहीत, एकाच ऑफिसचे तिघं चौथ्याशी सौदाच करत नाहीत. मी गुणतक्ता काढून पाहिला. एकटे येणाऱ्यांची नावं तळाला होती आणि एकेक करून गळत चालली होती. वरच्या नावांत क आणि ख दोघंही होते. एका आठवड्यात हा जिंकलेला, दुसऱ्या आठवड्यात तो.

कोणकोणते पर्याय समोर होते

पहिला निर्णय दादाने त्याच रात्री घेतला आणि माझ्या मते तो सगळ्यांत मोलाचा होता. गटावर त्याने लिहिलं, “यावर इथे चर्चा नको. ज्यांना बोलायचंय त्यांनी बुधवारी दुकानात यावं, चहा माझ्याकडून.” फोनवर दोन मुलांवर आठ-दहा जण तुटून पडले असते, तर पुढे काहीही ठरवलं तरी ते त्यांना शिक्षाच वाटलं असतं.

बुधवारी सात-आठ जण आले. क आणि ख ला दादाने तासभर आधी वेगळं बोलावलं होतं. मी तिथे होतो. दादाने आरोप केला नाही, फक्त विचारलं की तो सौदा का केला. ख चं पहिलं उत्तर असं : हातात नऊ पत्ते होते. सात पडला की सातपेक्षा जास्त पत्ते असणाऱ्याला निम्मे टाकावे लागतात, म्हणजे त्याचे चार गेले असते. तीन देऊन एक घेतला की हातात सात उरतात आणि धोका टळतो. हिशेब खोटा नव्हता. एका फेकीत सात येण्याची शक्यता सहात एक, पुन्हा बांधायची संधी येईपर्यंत चार फेकी व्हायच्या होत्या, आणि चार फेकींत एकदा तरी सात येण्याची शक्यता निम्म्याहून किंचित जास्त असते. विद्यार्थिनीचा सौदा घेतला असता तर पत्ते नवाचे दहा झाले असते.

मग थोडा वेळ थांबून तो दुसरं बोलला. “खरं सांगू का दादा, मला चार गुणांवर करायला दुसरं होतं तरी काय? मी दुसरा आलो काय, चौथा आलो काय, शून्यच. मग मित्र जिंकलेला काय वाईट?”

सगळं इथेच होतं. विटेचा सौदा केला असता तर त्याने विद्यार्थिनीला जिंकवलं असतं, ओरचा केला तर क ला. जिंकणारा त्याच्या हातून ठरणार होता, आणि त्या निवडीत त्याचं स्वतःचं काहीच पणाला लागलेलं नव्हतं. ज्या माणसाकडे मिळवण्यासारखं काही उरलेलं नाही, तो मैत्रीवर, रागावर किंवा लहरीवर पत्ता टाकणारच. आम्ही आठवडाभर माणसांच्या स्वभावाबद्दल बोलत होतो, दोष गुण देण्याच्या पद्धतीत होता.

मोठ्या बैठकीत मात्र सगळे एकदम या मुद्द्यावर आले नाहीत, आणि येणं बरोबरही नव्हतं. जे सुचवलं गेलं त्यातल्या प्रत्येकात काही ना काही तथ्य होतं.

काहींचं म्हणणं होतं की सौद्यावरच मर्यादा घाला, दोनाला एकपेक्षा जास्त नको. वरवर साधा उपाय. पण ख चा नऊ पत्त्यांचा हिशेब पाहिल्यावर कळतं की मोठा तोट्याचा सौदासुद्धा कधी कधी शहाणपणाचा असतो. शिवाय दोनाला एक अशी मर्यादा असती तरी ख ने तीन ओर एक मेंढी आणि गहू सोडून दुसरा एखादा पत्ता घेऊन दिले असते आणि निकाल तोच लागला असता. नियम आणखी बारीक केला की दर सौद्याला पंच लागतो, आणि पंचाला मनातला हेतू दिसत नाही.

जुन्या खेळाडूंचं मत वेगळं होतं : टेबलानंच त्यांना वठणीवर आणावं. दोघं मिळून खेळतायत हे दिसलं की उरलेल्या दोघांनी त्यांच्याशी सौदे बंद करायचे, त्यांच्या ओरवर रॉबर बसवायचा, ८ गुणांच्या वरच्या माणसाला काहीही द्यायचं नाही. खेळ म्हणून हे उत्तर अगदी योग्य आहे. त्या पाचव्या शुक्रवारीही रॉबर काकांच्या विटांवर बसण्याऐवजी ख च्या ओरवर असता तर डाव वेगळा गेला असता. पण हे करायला उरलेले दोघंही तितकेच मुरलेले हवेत. काकांना अजून रस्ता आणि वस्तीची किंमत पटाशेजारच्या पत्त्यावर वाचावी लागत होती. त्यांच्याकडून ही अपेक्षा ठेवणं म्हणजे नवख्याला वाऱ्यावर सोडणं.

क आणि ख ला लीगमधून काढा, असंही एक जण म्हणाला. दादाने ते तिथल्या तिथे बाजूला ठेवलं. नियम मोडलेला नसताना माणसाला काढलं की पुढच्या वेळी कुणाला काढणार, हे कुणालाच सांगता येणार नाही.

कॅटन बंद करून अझुल किंवा स्प्लेंडरची लीग घ्यावी, यावर मात्र बराच वेळ गेला. त्यांत सौदाच नाही, म्हणजे संगनमताला वाव फार कमी. अझुलमध्ये प्रत्येकाचा पट वेगळा, स्प्लेंडरमध्ये जो तो आपली रत्नं गोळा करतो. विद्यार्थिनीनेच याला विरोध केला. ती म्हणाली, “मी घरी पुरेशी गप्प बसते. इथे येते ती बोलायला.” तिच्यावरच अन्याय झालेला असल्यामुळे तिच्या शब्दाला वजन आलं आणि कॅटन राहिला.

लीगच बंद करावी हा पर्याय दादाने स्वतः मांडला. त्याच्यासाठी तो सोपा नव्हता. नेमाने येणारी माणसं लीगमुळेच मिळाली होती आणि गाळ्याचं भाडं त्या नेमावर अवलंबून होतं.

काय केलं

दोन गोष्टी ठरल्या. एक लगेच, एक पुढच्या हंगामापासून.

लगेच बदलली ती बसायची पद्धत. दादाने पत्त्यांचा जुना जोड काढला. चार टेबलं, चार रंग : किलवर, बदाम, इस्पिक, चौकट. प्रत्येक रंगाचे एक्का ते चव्वी एवढेच पत्ते ठेवले. रंगावरून टेबल आणि आकड्यावरून पाळीचा क्रम. एकत्र आलेल्या माणसांनी वेगवेगळ्या रंगांच्या गठ्ठ्यांतून पत्ता उचलायचा, म्हणजे ती एका टेबलावर येतच नाहीत. बारा ते सोळा माणसांपर्यंत ही पद्धत चालते, कारण टेबलावर तीन माणसंही बसू शकतात. पाळीचा क्रमही नशिबावर गेला हे विशेष चांगलं झालं. कॅटनमध्ये सुरुवातीच्या दोन वस्त्या १-२-३-४ आणि मग ४-३-२-१ अशा क्रमाने ठेवतात, त्यामुळे ‘मी शेवटी बसतो’ यातही डावपेच असतो आणि त्यावरून आधी कुरबुरी व्हायच्या.

गुणपद्धत हंगामाच्या मध्ये बदलायची की नाही, हा खरा निर्णयाचा क्षण होता. बहुतेकांना ती लगेच हवी होती. दादाने नकार दिला. उरलेले तीन शुक्रवार जुन्याच गुणांनी खेळले गेले, आणि शेवटी क पहिला आला. त्याला बक्षीस मिळालं, त्या शुक्रवारी टाळ्या जेमतेम पडल्या. एक-दोघांनी दादाला सरळ सांगितलं की हे त्यांना पटलेलं नाही. मला ते पटलं होतं आणि आजही पटतं. ज्या गुणांवर विश्वास ठेवून माणसं पाच आठवडे आली, ते गुण अधेमध्ये फिरवले तर पुढच्या हंगामाच्या गुणांवर कोण विसंबून राहणार?

नव्या हंगामाची गुणपद्धत ठरवायला दोन बैठका लागल्या. आधी असं सुचलं की डाव संपताना ज्याचे जितके विजयगुण तितके त्याला द्यायचे आणि जिंकणाऱ्याला वर ३. कागदावर आम्ही जुने डाव या पद्धतीने तपासून पाहिले. अडचण अशी दिसली की चांगला पट मिळालेल्या टेबलावर चौघंही ७-८ पर्यंत जातात आणि रखडलेल्या टेबलावर दुसरा माणूसही ५ वर अडकतो. मग टेबलाच्या नशिबावर लीग ठरायची. म्हणून क्रमांकाचे गुण ठरवले : पहिल्याला ५, दुसऱ्याला ३, तिसऱ्याला २, चौथ्याला १. दोघांचे विजयगुण सारखे असतील तर त्या दोन क्रमांकांचे गुण वाटून घ्यायचे. दुसऱ्या-तिसऱ्यात बरोबरी झाली की प्रत्येकी अडीच.

याच्या जोडीला शिकाऊ टेबल सुरू झालं. शुक्रवारी साडेसहाला, लीगच्या आधी तासभर, फक्त पहिल्या दोन वस्त्या कुठे ठेवायच्या हे शिकवायला. हा भाग विद्यार्थिनीने अंगावर घेतला. ती आकड्यांखालचे ठिपके मोजायला शिकवते. ६ आणि ८ खाली पाच-पाच ठिपके असतात, कारण दोन फाशांच्या ३६ प्रकारांपैकी पाच प्रकारे ६ येतो आणि पाच प्रकारे ८. २ आणि १२ खाली एकच. जिथे तीन षटकोन भेटतात तिथले ठिपके मिळवायचे, आणि बेरीज दहाच्या खाली असेल तर तिथे बसायचं सबळ कारण हवं. मग ती पट पालथा करून टाकते आणि नवख्याला पुन्हा जागा शोधायला लावते. विटेचे आणि ओरचे षटकोन तीन-तीनच असतात, बाकीच्यांचे चार-चार, म्हणून टंचाई कुठे पडणार हे पट मांडल्याबरोबर पाहायचं, हेही ती तिथेच सांगते. उरलेल्या वेळात दुसऱ्याचे गुण मोजायला शिकवते. पालथ्या पडलेल्या पत्त्यांत गुणाचे पत्ते असू शकतात. माल देऊन विकत घ्यायच्या विकासपत्त्यांच्या २५ च्या गठ्ठ्यात असे ५ असतात, त्यामुळे समोर ८ दिसणारा माणूस कधी कधी ९ वर असतो.

काय झालं

बसण्याची पद्धत बदलल्याचा परिणाम लगेच दिसला. अनोळखी माणसं एकत्र आली आणि सौदे मोकळे झाले. नवरा-बायकोंपैकी बायको दुसऱ्याच आठवड्यात म्हणाली की तिला पहिल्यांदा स्वतःचा डाव खेळल्यासारखं वाटलं. सगळे मात्र खूश नव्हते. एका बापलेकीला एकत्रच बसायचं होतं, त्यासाठीच ती दोघं कोलशेतहून येत होती. दादाने त्यांना लीगबाहेरचं टेबल देऊ केलं, ते त्यांना रुचलं नाही आणि ती यायची थांबली. हा तोटा आहे आणि तो मोजायलाच हवा.

गुणपद्धतीने मुख्य काम केलं. मागे पडलेला माणूस आता शेवटपर्यंत खेळतो. ख सारख्या जागी असलेला माणूस तीन ओर देण्याआधी विचार करतो, कारण त्याच तीन ओरमध्ये त्याचा तिसरा क्रमांक आहे. नव्या हंगामात एका डावात मी हे समोर पाहिलं. ५ गुणांवरच्या एका मुलाकडे ९ वाल्याने गहू मागितला, बदल्यात दोन लाकडं देऊ केली. मुलगा बराच वेळ पट बघत बसला, शेवटी “मला वस्ती करायचीय” म्हणाला आणि गहू ठेवून घेतला. आधीच्या हंगामात तो गहू गेला असता.

पण दुसऱ्या बाजूने एक नवीन गोष्ट घडली आणि ती आम्ही धरून चाललो नव्हतो. पुढे असलेल्याला अडवणं कमी झालं. आधी कुणी ८ वर गेला की तिघं मिळून त्याच्यावर रॉबर बसवत, त्याचे सौदे तोडत, आणि त्या चढाओढीत डाव रंगायचा. आता तिसऱ्या माणसाला पहिल्याला अडवण्यापेक्षा दुसऱ्याला मागे टाकणं फायद्याचं वाटतं. नाइट (रॉबर हलवू देणारा विकासपत्ता) काढून तो रॉबर पहिल्यावर ठेवण्याऐवजी दुसऱ्यावर ठेवतो. ९ वरचा माणूस अलगद निघून जातो. जुन्या खेळाडूंची यावर खरी नाराजी आहे. त्यांच्या मते आमच्या कॅटनमधून राजकारणच काढून टाकलं. मला त्यांचं म्हणणं अर्धं मान्य आहे. जिंकणाऱ्यालाच सगळे गुण दिले की मागे राहिलेला बेफिकीर होतो, क्रमांकाला गुण दिले की तो सावध होतो, आणि सावध माणूस दुसऱ्यासाठी पत्ता खर्च करत नाही. दोन्ही एकदम दूर होतील अशी गुणपद्धत मला अजून सापडलेली नाही. आम्हाला दुसरी अडचण परवडली, कारण तिच्यामुळे कुणी घरी बसलं नाही.

टेबलं पुन्हा भरू लागली, पण गर्दी आधीच्या शिखरावर गेली नाही. क अजून येतो, मध्येच केव्हातरी शिकाऊ टेबलावर मदतीला बसतो. ख ला पुण्यात नोकरी लागली. काकांना दादाने फोन केला, तोही दीड महिन्यानंतर. काका आनंदाने बोलले, आले सुद्धा, पण लीगमध्ये पुन्हा नाव घातलं नाही. रविवारी सकाळी नातवाला घेऊन येतात आणि दोघं कार्कासोन खेळतात.

वेगळं काय करता आलं असतं

काकांना फोन दुसऱ्याच दिवशी जायला हवा होता. बाकी निर्णयांवर मतभेद होऊ शकतात, यावर नाही. जिने तक्रार केली तिच्याकडे सगळ्यांचं लक्ष गेलं, आणि ज्याने केली नाही तो हातचा गेला. आता दुकानात अशी पद्धत आहे की नवीन माणूस दोन शुक्रवार दिसला नाही तर शिकाऊ टेबल घेणारी व्यक्ती त्याला स्वतः फोन करते.

लीग सुरू करतानाच एक प्रश्न विचारता आला असता : डावाच्या शेवटच्या अर्ध्या तासात चौथ्या क्रमांकावरचा माणूस काय करणार? पहिल्याला ५ आणि बाकीच्यांना शून्य ही पद्धत लिहिताना जिंकणाऱ्याचाच विचार झाला होता. हा प्रश्न कॅटनपुरता नाही. टिकेट टू राइडमध्येही शेवटी हरलेला माणूस दुसऱ्याचा मार्ग अडवायला रेल्वेचे डबे टाकू शकतो, ज्याचा त्याला स्वतःला काही उपयोग नसतो.

बापलेकीचं प्रकरण अधिक हळुवारपणे हाताळता आलं असतं. एकत्र बसणाऱ्यांना एक भिडू समजून दोघांचे मिळून गुण धरावेत, किंवा महिन्यातून एक शुक्रवार जोडीचा ठेवावा, असं आता सुचवलं गेलं आहे. जोडीचा शुक्रवार मला पटतो. भिडू उघड असेल तर कुणाची हरकत नसते.

एक गोष्ट अजून लटकलेली आहे. तीन माणसांच्या टेबलावर क्रमांकाचे गुण कसे द्यायचे? आत्ता ५, ३ आणि २ देतो, म्हणजे तिथे शेवटचा आलेला माणूससुद्धा चौघांच्या टेबलावरच्या शेवटच्यापेक्षा जास्त घेऊन जातो. १५ जण आले की तीन जणांच्या टेबलाचा पत्ता मिळावा म्हणून लोक मनात प्रार्थना करतात. विद्यार्थिनीचा प्रस्ताव ५, ३ आणि १ असा आहे, क चं म्हणणं आहे की तीन जणांत जिंकणं सोपं असल्याने पहिल्यालाही ४ च द्यावेत. पुढचा हंगाम गणपतीनंतर सुरू होतो. त्याआधीच्या बुधवारी दादाने पुन्हा चहा ठेवला आहे, आणि या वेळी मागच्या दोन हंगामांतले तीन जणांचे सगळे डाव दोन्ही पद्धतींनी लावून मी तक्ता घेऊन जाणार आहे.